ग्रंथाची तीन वये : आरंभीच्या ख्रिस्ती इतिहासाची साधने

एखादी जुनी पोथी समोर आली, की ‘ही किती जुनी?’ असे आपण विचारतो. प्रश्न एकच वाटला, तरी त्याच्या पोटात तीन प्रश्न आहेत. पोथीत सांगितलेली घटना केव्हाची? त्या घटनेविषयीचा मजकूर रचला गेला केव्हा? आणि आपल्या हाती असलेली प्रत लिहिली गेली केव्हा? घटनेचे वय, रचनेचे वय आणि प्रतीचे वय ही वेगळी ठेवता आली, तर प्राचीन इतिहासाविषयीची निम्मी भांडणे मिटतील. ती एकमेकांत मिसळली, की श्रद्धावान माणूस फसतो आणि टीकाकारही फसतो.

हे समजून घेण्यासाठी येशू ख्रिस्तानंतरच्या पहिल्या तीनशे वर्षांचा इतिहास फार उपयोगी आहे, कारण त्याच्या साधनांची छाननी गेली दोन-अडीच शतके सतत चालू आहे. आपल्या वाचकांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. गोव्यात, बेळगावात, हैदराबादेत आपली आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांची दारे पिढ्यान् पिढ्या समोरासमोर आहेत. काही वाचक स्वतः त्या धर्माचे असतील. तरीही त्या धर्माचा आरंभ आपल्याला कळतो तो कशावरून, हे सहसा कोणी सांगत नाही. कानावर पडतात ती दोन तयार मते. एक म्हणते, सारे काही प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी जसेच्या तसे लिहून ठेवले आहे. दुसरे म्हणते, सारे काही मागाहून रचलेले आहे. दोन्ही मते एकही पान न उलगडता मांडता येतात. आपण काही पाने उलगडून पाहू.

पत्रे आधी, चरित्रे नंतर

नवा करार उघडला, की प्रथम येशूचे चरित्र सांगणारी चार शुभवर्तमाने येतात. त्यामुळे तीच आधी लिहिली गेली, असा आपला समज होतो. वास्तविक, आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने ख्रिस्ती लेखन म्हणजे पौलाची पत्रे. पौलाच्या नावावर १३ पत्रे आहेत. त्यांपैकी रोमकरांस, करिंथकरांस (दोन), गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस (पहिले) आणि फिलेमोनास ही ७ पत्रे त्याचीच, असे जवळजवळ सर्व अभ्यासक मानतात. उरलेल्या पत्रांविषयी कमीअधिक मतभेद आहेत.

या पत्रांवर तारखा नाहीत. मग काळ ठरतो कसा? ग्रीसमधील डेल्फी येथे एका शिलालेखाचे तुकडे सापडले. तो सम्राट क्लॉडियसच्या पत्राचा लेख आहे आणि त्यात गॅलिओ या प्रांताधिपतीचे नाव आहे. लेखातील सम्राटाच्या बिरुदांवरून गॅलिओचा कारभार इ.स. ५१-५२ च्या सुमारास येतो. इकडे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात, पौलाला करिंथ शहरात याच गॅलिओपुढे उभे केल्याची हकीकत आहे. दगडावरचा सरकारी लेख आणि धर्मग्रंथातील गोष्ट अशा दोन अगदी निराळ्या साधनांची इथे गाठ पडते. त्या एका खुंटीला पौलाच्या प्रवासांचा सारा कालक्रम टांगलेला आहे. त्यावरून ही पत्रे साधारण इ.स. ५० ते ६० या दशकातली ठरतात. येशूला क्रुसावर दिले गेले ते इ.स. ३० च्या सुमारास. म्हणजे मध्ये वीस-तीस वर्षेच गेली होती. पौलाने येशूला त्याच्या हयातीत पाहिल्याचे कुठे म्हटलेले नाही. पण येशूचा भाऊ याकोब आणि शिष्य पेत्र यांना आपण भेटलो, असे तो गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात सांगतो.

ही खरीखुरी पत्रे आहेत, हे त्यांतल्या बारीक खुणांवरून कळते. रोमकरांस पत्राच्या अखेरीस तर्तिय नावाचा लेखनिक मध्येच स्वतःचा नमस्कार सांगतो. गलतीकरांस पत्राच्या शेवटी पौल आपल्या हाताने ठळक अक्षरांत चार ओळी लिहितो. मजकूर कारकुनाच्या हातचा आणि शेवट स्वतःच्या हस्ताक्षरातला, ही रीत पेशवाईतील मोडी पत्रे पाहिलेल्यांना चांगली ओळखीची आहे.

शुभवर्तमाने यानंतरची. मार्कचे इ.स. ७० च्या आसपास, म्हणजे रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले त्या सुमाराचे. मत्तय आणि लूक यांची त्यानंतर दहा-वीस वर्षांनी. योहानाचे पहिल्या शतकाच्या अखेरीचे, असा बहुतेकांचा कयास आहे. मार्कचा बराचसा मजकूर मत्तयात आणि लूकमध्ये पुन्हा येतो. त्या दोघांपुढे मार्कचे लेखन होते, असे त्यावरून मानले जाते. मजकुरात लेखक कुठेही आपले नाव सांगत नाही. मथळ्यातली नावे मागाहून आली.

मूळ प्रत नाही, नकला आहेत

आता प्रतीच्या वयाकडे वळू. पौलाने पाठवलेले एकही पत्र मूळ रूपात उरलेले नाही. मार्कच्या हातचे पान नाही. उरल्या आहेत त्या नकलांच्या नकला. ग्रीक भाषेतील नव्या कराराची ५००० हून अधिक हस्तलिखिते आज ज्ञात आहेत. बहुतेक मध्ययुगातली, काही मात्र फार जुनी.

इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयात पपायरसचा एक तुकडा आहे. उंची ९ सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी, रुंदी ६ सेंटिमीटर. त्याच्या दोन्ही बाजूंना योहानाच्या १८ व्या अध्यायातल्या काही तुटक ओळी आहेत. १९२० साली तो इजिप्तमध्ये विकत घेतला गेला आणि १९३५ साली प्रसिद्ध झाला. अक्षराच्या वळणावरून तो इ.स. १२५ च्या आसपासचा, असे पुष्कळ काळ छापले जात होते. अलीकडे अभ्यासक सावध झाले आहेत. केवळ वळणावरून पंचवीस वर्षांपर्यंत नेमका काळ सांगता येत नाही, तो तुकडा दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा त्याहून थोडा पुढचाही असू शकेल, असे ते म्हणतात. अतिउत्साहाने दिलेली तारीख अशी मागे घ्यावी लागते.

संपूर्ण नवा करार असलेली सर्वांत जुनी प्रत चौथ्या शतकाच्या मध्याची आहे. ती सिनाई पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरीन मठात होती. टिशेनडॉर्फ या जर्मन विद्वानाने १८४४ साली तिची ४३ पाने लाइपझिगला नेली. १८५९ साली त्याला मठात आणखी बराच भाग मिळाला, तो रशियाच्या झारकडे गेला. पुढे १९३३ साली सोव्हिएत सरकारने तो ब्रिटनला १ लाख पौंडांना विकला. आज ही एकच प्रत चार ठिकाणी विभागलेली आहे : लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि तो मठ.

या प्रतीत आणि तिच्याच काळातल्या व्हॅटिकनमधील प्रतीत मार्कचे शुभवर्तमान १६ व्या अध्यायाच्या ८ व्या वचनाशी संपते. रिकामी कबर पाहून स्त्रिया घाबरून पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत, एवढ्यावरच. पुढची १२ वचने, ज्यांत पुनरुत्थित येशू शिष्यांना भेटतो, तिथे नाहीत. योहानातली, व्यभिचाराचा आरोप असलेल्या स्त्रीची प्रसिद्ध गोष्टही सर्वांत जुन्या प्रतींत आढळत नाही. ही माहिती कोणी दडवलेली नाही. आजच्या बहुतेक छापील आवृत्त्यांत या भागांजवळ तशी टीप असते.

पाठभेद झाले तरी कसे? त्या काळी ग्रीक मजकूर दोन शब्दांत जागा न सोडता सलग लिहीत. दोन ओळींचा शेवट सारखा असला, की लेखनिकाची नजर पहिल्या ओळीवरून थेट दुसऱ्या ओळीच्या शेवटावर जाई आणि मधला मजकूर गळे. काही वेळा लेखनिक जाणूनबुजून ‘दुरुस्ती’ करी. मार्कच्या आरंभीच एक वचन यशया संदेष्ट्याचे म्हणून दिले आहे. प्रत्यक्षात त्याचा पहिला भाग मलाखीच्या ग्रंथाशी जुळतो. जुन्या चांगल्या प्रतींत ‘यशया’ हेच नाव आहे. पुष्कळ उत्तरकालीन प्रतींत ‘संदेष्ट्यांच्या ग्रंथांत’ असे मोघम शब्द आहेत. यांतला मूळ पाठ कोणता? अडचणीचा तो. चूक दिसली, तर नकलाकार ती सुधारील. बरोबर असलेला मजकूर मुद्दाम कोण चुकवील? कठीण पाठ सोप्या पाठाहून सहसा जुना, हा पाठचिकित्सेचा एक मुख्य नियम याच अनुभवातून आला.

ही शिस्त आपल्याकडेही पोहोचलेली आहे. कार्ल लाखमान या जर्मन पंडिताने १८३१ साली ग्रीक नव्या कराराची आवृत्ती काढली, ती रूढ छापील पाठ बाजूला ठेवून प्राचीन प्रतींच्या आधारे. त्याच जर्मन परंपरेत, बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली वि. स. सुखटणकर तयार झाले, आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे ते प्रमुख संपादक झाले. १९१९ साली सुरू झालेले ते काम १९६६ साली पुरे झाले. मात्र प्रती ताडून पाहण्याची वृत्ती आपल्याला परदेशातून आणावी लागली नव्हती. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती अशुद्ध पाठ शिरले होते म्हणूनच. ज्ञानेश्वरीवरची त्यांची भक्ती त्यामुळे उणी झाली, असे कोणी म्हणणार नाही.

परक्यांची साक्ष

आपल्या माणसाने लिहिलेले आणि परक्याने लिहिलेले यांत फरक असतो. आरंभीच्या ख्रिस्ती समाजाविषयी परक्यांनी थोडेच लिहिले, पण ते फार मोलाचे आहे.

इ.स. ११२ च्या सुमारास धाकटा प्लिनी आजच्या उत्तर तुर्कस्तानातल्या बिथिनिया-पाँटस प्रांताचा अधिकारी होता. ख्रिस्ती लोकांचे काय करावे, हे विचारण्यासाठी त्याने सम्राट ट्रेजनला पत्र लिहिले. आपण त्यांना तीनदा विचारतो आणि तरीही हटून राहिले तर देहदंडास पाठवतो, असे तो कळवतो. ठराविक दिवशी पहाटेपूर्वी जमून हे लोक ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. चोरी, व्यभिचार, विश्वासघात करणार नाही अशी शपथ घेतात. नंतर पुन्हा एकत्र येऊन साधे जेवण जेवतात. याहून अधिक काही आहे का, हे शोधण्यासाठी त्याने दोन गुलाम स्त्रियांचा छळ केला. समाजात त्यांना ‘सेविका’ म्हणत, म्हणजे त्यांच्याकडे काही जबाबदारी होती. हाती काय लागले, तर त्याच्या मते केवळ एक विकृत, बेसुमार अंधश्रद्धा. ट्रेजनने उत्तर दिले : त्यांना शोधत फिरू नये, निनावी तक्रारी घेऊ नयेत.

त्या दोन स्त्रियांची नावे पत्रात नाहीत. त्या काय बोलल्या, हेही प्लिनीने आपल्या शब्दांत गुंडाळले आहे. त्या काळच्या सामान्य ख्रिस्ती स्त्रियांचा आवाज आपल्यापर्यंत येतो, तो असा, छळ करणाऱ्याच्या लेखणीतून. साधने तपासायची ती यासाठीही. लिहिणारा कोण आणि ज्याच्याविषयी लिहिले तो कोण, हे विसरले, की आपण नकळत अधिकाऱ्याच्या बाजूने वाचू लागतो.

या पत्राच्या प्रतीचे वय विचाराल, तर थक्क व्हाल. प्लिनीचा सम्राटाशी झालेला हा पत्रव्यवहार एकाच प्राचीन हस्तलिखितात उरला होता. इ.स. १५०० च्या सुमारास ते पॅरिसमध्ये पुढे आले, त्यावरून मजकूर छापला गेला आणि हस्तलिखित नाहीसे झाले. आज आपला आधार मुख्यतः सोळाव्या शतकारंभीची छापील पुस्तके, तरीही भाषा आणि कारभाराचे तपशील पाहून बहुतेक सर्व अभ्यासक हे पत्र अस्सल मानतात. याच्या नेमके उलटे गोव्यात घडले. फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, त्याच शतकात आणखी दोनदा छापले गेले. पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ते आपल्यापर्यंत आले ते हस्तलिखितांमुळे. प्रत उशिराची म्हणून मजकूर खोटा, असे म्हणणाऱ्याने ही दोन उदाहरणे ध्यानात ठेवावीत.

उलट, मजकूर प्राचीन असला तरी त्यात मागाहून भर पडलेली असू शकते. योसेफस या यहुदी इतिहासकाराने इ.स. ९३-९४ च्या सुमारास ‘यहुद्यांचा प्राचीन इतिहास’ लिहिला. त्यात एके ठिकाणी येशूच्या भावाचा, याकोबाचा, ओझरता उल्लेख आहे. तो बहुतेकांना मान्य आहे. दुसऱ्या उताऱ्यात मात्र येशू हाच ख्रिस्त होता, असे सरळ विधान येते. शेवटपर्यंत यहुदी राहिलेला माणूस असे कसे लिहील? शिवाय तिसऱ्या शतकातला ओरिजेन सांगतो, की योसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता. म्हणून मूळच्या त्रोटक उल्लेखात पुढे कोणा ख्रिस्ती नकलाकाराने भर घातली, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. काहींच्या मते सारा उताराच प्रक्षिप्त आहे.

हरलेल्यांची बाजू

पहिल्या दोन-तीन शतकांत ख्रिस्ती विचारांचे अनेक पंथ होते. त्यांतले पुष्कळ मागे पडले आणि त्यांची पुस्तके नाहीशी झाली. मग ते आपल्याला कळत होते ते विरोधकांकडून. इ.स. १८० च्या सुमारास ल्याँचा बिशप इरिनेयस याने त्यांचे खंडन करणारा मोठा ग्रंथ लिहिला. खंडनासाठी दिलेला पूर्वपक्ष कितपत प्रामाणिक असतो, हे आपल्या शास्त्रार्थाच्या परंपरेत वाढलेल्यांना सांगायला नको.

१९४५ साली इजिप्तमधील नाग हम्मादी गावाजवळ, मातीच्या रांजणात ठेवलेली चामड्याच्या बांधणीची पुस्तके सापडली. त्यांत या हरलेल्या पंथांचे लेखन कॉप्टिक भाषेत होते. बांधणी ताठ व्हावी म्हणून आत टाकाऊ कागदपत्रे चिकटवली होती. त्यांतल्या काहींवर इ.स. ३४१, ३४६, ३४८ अशा तारखा निघाल्या. म्हणजे ते पुस्तक त्यानंतरच बांधले गेले असणार. रद्दीने इतिहासकाराची अशी सोय केली.

या पुस्तकांत येशूची ११४ वचने असलेले ‘थोमाचे शुभवर्तमान’ होते. ते वाचताना एक जुने कोडे सुटले. १८९७ साली ग्रेनफेल आणि हंट या इंग्रज संशोधकांना इजिप्तमधल्याच ऑक्सिरिंकस गावाच्या उकिरड्यात येशूच्या काही वचनांचे ग्रीक पान मिळाले होते. पुढे आणखी दोन तुकडे मिळाले. ते कोणत्या पुस्तकातले, हे पन्नास वर्षे कळले नव्हते. ते याच ग्रंथाचे ग्रीक अवशेष निघाले. चौथ्या शतकातल्या कॉप्टिक प्रतीमागे निदान तिसऱ्या शतकापर्यंत जाणारा ग्रीक मजकूर आहे, हे त्यामुळे सिद्ध झाले.

मात्र सापडलेले सारेच खरे नसते. २०१२ साली, येशू आपल्या पत्नीचा उल्लेख करतो असा एक कॉप्टिक तुकडा जगभर गाजला. पपायरस तपासला, तो खरोखरच हजाराहून अधिक वर्षे जुना निघाला. पण मजकूर थोमाच्या शुभवर्तमानातले शब्द इकडचे तिकडे जोडून केलेला होता, आणि इंटरनेटवरील एका आवृत्तीतली छपाईची चूकही त्यात जशीच्या तशी उतरली होती. मालकीचा दाखवलेला इतिहासही टिकला नाही. कोऱ्या जुन्या पानावर आजही लिहिता येते. तेव्हा वर सांगितलेल्या तीन वयांत साहित्याच्या वयाची भर घालून ते चौथे धरावे लागते.

आपल्या किनाऱ्यापर्यंत

शेवटी भारताविषयीच्या साधनांना हेच प्रश्न विचारून पाहू. प्रेषित थोमा भारतात आला, अशी केरळच्या ख्रिस्ती समाजाची दृढ परंपरा आहे. ‘थोमाची कृत्ये’ हा ग्रंथ तिसऱ्या शतकात, बहुधा एडेसा परिसरात, सिरियाक भाषेत रचला गेला. त्यात थोमा गुंदफर नावाच्या भारतीय राजाकडे येतो. असा राजा कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून ती निव्वळ कल्पित कथा मानली जाई. एकोणिसाव्या शतकात वायव्य भागात गोंडोफर्नीसची नाणी सापडली आणि तख्त-इ-बाहीच्या शिलालेखाने त्याचा काळ पहिल्या शतकाच्या पूर्वार्धात बसला. नाण्यांनी काय सिद्ध केले? राजा खरा होता आणि त्याचे नाव एडेसापर्यंत पोहोचले होते, एवढे. थोमा त्याच्या दरबारी गेला, हे नाणे सांगत नाही. गेला नाही, हेही सांगत नाही.

सहाव्या शतकात कॉस्मस हा अलेक्झांड्रियाचा व्यापारी लिहितो, की ‘माले’ या मिरीच्या प्रदेशात ख्रिस्ती लोक आहेत, आणि ‘कल्लियाना’ या ठिकाणी इराणातून नेमलेला बिशप आहे. पुष्कळ अभ्यासक हे ठिकाण म्हणजे आपले मुंबईजवळचे कल्याण मानतात. तसे असेल, तर पोर्तुगीज येण्याच्या जवळजवळ हजार वर्षे आधी कोकणच्या बंदरात ख्रिस्ती वस्ती होती. इथेही तीन वये सांगता येतात : वस्तीचा काळ सहावे शतक, रचना त्याच शतकातली आणि सर्वांत जुनी प्रत नवव्या शतकातली. लेखक व्यापाराच्या वाटांवरचा जाणकार आहे आणि बिशप असण्या-नसण्यात त्याचा दिसेलसा स्वार्थ नाही, म्हणून साक्षीचे वजन वाढते. स्थळाची ओळख नावाच्या साम्यावर उभी आहे, म्हणून तिथे ‘बहुधा’ हा शब्द राहू द्यावा लागतो.

आपल्यासारख्या, मूळ गाव सोडून पिढ्या लोटलेल्या घराण्यांत इनामाची सनद, कुलवृत्तांत, मठाची बखर, मोडीतली पत्रे अजून जपून ठेवलेली असतात. त्यांच्या जोरावर मान मागितला जातो, वादही होतात. त्या कागदांनाही हेच प्रश्न लागू आहेत. घटना केव्हाची, लिहिले केव्हा, ही नक्कल केव्हाची, लिहिणारा कोण, आणि कोणाचा आवाज यात आलेलाच नाही? उत्तरे मिळतील तेवढी त्याच कागदाच्या वेष्टनावर तारीख घालून लिहून ठेवावीत, आणि मिळाली नाहीत तिथे जागा कोरी सोडावी. पुढे तो दप्तर सोडणारा त्या कोऱ्या जागेबद्दलही आपले आभार मानील.